लिस्पचा प्रोग्राम लायब्ररी म्हणून वापरताना अनबाउंड राहणारी व्हेरिएबल्स

अर्धविराम

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक प्रश्न आहे, सांभाळून घ्या.

आमच्या गटाकडे कॉमन लिस्पमध्ये लिहिलेलं एक नियम तपासणारं इंजिन बऱ्याच वर्षांपासून आहे. टर्मिनलवर चालवायचं, फाइल द्यायची, कोणकोणते नियम मोडलेत त्याची यादी छापून येते. एसबीसीएलमध्ये (हा लिस्पचा एक कंपाइलर) इमेज, म्हणजे लोड झालेल्या प्रोग्रामची जतन केलेली प्रत, बनवलेली आहे आणि टॉपलेव्हलला, म्हणजे ती सुरू होताच चालणारं, 'मुख्य' नावाचं फंक्शन. आजवर त्याने कधी त्रास दिला नाही.

आता तेच इंजिन एका वेब सर्व्हरच्या आतून बोलवायचं आहे. सर्व्हरही लिस्पमधलाच. त्यामुळे वाटलं, एएसडीएफने (लिस्पच्या सिस्टिम लोड करणारं साधन) सिस्टिम लोड करायची, 'तपास' हे फंक्शन बोलवायचं, झालं. पहिल्याच कॉलला डीबगर उघडला: *नियम-तक्ता* हे व्हेरिएबल अनबाउंड आहे, म्हणजे त्यात किंमतच नाही. सोर्समध्ये पाहिलं तर नुसतं एवढंच (नावं इथे वाचायला सोपी जावीत म्हणून मराठीत लिहिते):

(डेफव्हार *नियम-तक्ता*)

किंमत भरायचं काम 'मुख्य' करतं. ते मी बोलवत नाही, आणि बोलवूही शकत नाही, कारण ते कमांड लाइन वाचतं आणि काम संपलं की अख्खी प्रोसेस बंद करतं.

अशी अकरा व्हेरिएबल्स निघाली. मी सगळ्यांना निल देऊन टाकलं. एरर थांबली. दोन दिवसांनी लक्षात आलं की सर्व्हर प्रत्येक फाइलला 'एकही नियम मोडलेला नाही' असं उत्तर देतोय. मुद्दाम चुका भरलेली फाइल दिली, तरी तेच.

म्हणजे निल देणं चुकलं, हे कळलं. पण मग बरोबर काय? अकराही व्हेरिएबल्स बाहेरून भरत बसायची? उद्या बारावं आलं तर मला कसं कळणार?

सुतारपक्षी

आधी ते सगळे निल काढून टाका. आजच काढा.

तुमची एरर हा बिघाड नव्हता, ती सूचना होती. लिस्पमध्ये निल म्हणजे रिकामी यादी. *नियम-तक्ता* ही असोसिएशन लिस्ट (नाव-किंमत जोड्यांची यादी) असणार, असा माझा अंदाज. मग निलवर असॉक चालवलं तर निल येतं, डूलिस्ट शून्य फेऱ्या मारून गुपचूप बाहेर पडतं, लेंग्थ शून्य सांगतं. कुठेही काही अडत नाही. शून्य नियम तपासले, शून्य मोडले, फाइल पास. तक्ता हॅशटेबल असता तर निलवर गेटहॅश चालवताना निदान टाइपची एरर तरी आली असती. तुमच्याकडे तीही वाट नव्हती.

'यादी रिकामी आहे' आणि 'यादी अजून आलेलीच नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी निल आहे, दुसरीसाठी अनबाउंड. लेटमध्ये किंमत न देता नाव लिहिलं तर ते निल होतं, पण डेफव्हारला किंमत दिली नाही तर व्हेरिएबल स्पेशल (सगळ्या फंक्शन्सना दिसणारं आणि लेटने तात्पुरतं बदलता येणारं) म्हणून जाहीर होतं आणि रिकामं राहतं. हा फरक भाषेने मुद्दाम ठेवला आहे, आणि इंजिन लिहिणाऱ्यानेही तो विचार करूनच वापरलेला दिसतो. योग्य डिफॉल्ट अस्तित्वातच नाही, तिथे त्याने खोटा डिफॉल्ट दिला नाही.

त्याची एकच गोष्ट राहिली. किंमत न देता लिहिलेल्या डेफव्हारमध्ये डॉक्युमेंटेशनची ओळ बसत नाही, कारण ती तिसऱ्या जागी येते आणि दुसरी जागा किंमतीची. त्यामुळे अशी व्हेरिएबल्स बहुतेक वेळा मुकी राहतात. खाली वेगळी ओळ टाकता येते:

(सेटएफ (डॉक्युमेंटेशन '*नियम-तक्ता* 'व्हेरिएबल) "नियमांची यादी. इंजिन-तयार-कर हे फंक्शन भरतं.")

अकराही व्हेरिएबल्सना ही ओळ लावा. कोण भरतं ते लिहिताना तुमचा निम्मा प्रश्न सुटेल.

दीपस्तंभ

या दुखण्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे मॅक्सिमा. बीजगणिताचं हे सॉफ्टवेअर एमआयटीत 1968 साली सुरू झालेल्या मॅकसिमा (Macsyma) या जुन्या प्रकल्पातून आलं. विल्यम शेल्टर यांनी 1982 पासून 2001 मध्ये निधन होईपर्यंत ते सांभाळलं, आणि 1998 मध्ये जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुलं करण्याची परवानगी मिळवली. त्याची घडण पहिल्यापासून 'माणूस समोर बसून एकेक ओळ टाइप करतोय' अशी आहे. सुरुवातीला 'रन' नावाचं फंक्शन चालतं, ते पॅकेज बदलतं, फोल्डरांचे पत्ते 'सेट-पाथनेम्स' मधून भरतं आणि मग वाचा-मोजा-छापा हे चक्र सुरू करतं.

तुम्ही नुसता सोर्स लोड करून आतलं एखादं फंक्शन बोलावलंत तर यातलं काहीच झालेलं नसतं. पत्ते नाहीत, म्हणून मागाहून लोड होणारी पॅकेजेस सापडत नाहीत. हे झालं व्हेरिएबलांचं. पण टॉपलेव्हल त्याहून बरंच काही पुरवत असतं आणि ते नजरेत येत नाही. मॅक्सिमाच्या आत चूक झाली की 'एमएरर' सहसा 'मॅकसिमा-क्विट' या टॅगकडे थ्रो करतं, म्हणजे चालू काम सोडून थेट तिथे उडी मारतं. तो टॅग पकडणारा कॅच टॉपलेव्हलच्या चक्रात असतो. लायब्ररी म्हणून बोलावलं तर कॅच नाही, मग मूळ चूक बाजूला राहते आणि 'असा टॅगच नाही' ही दुसरीच एरर हातात येते. तसंच 'रिट्रीव्ह' हे फंक्शन मध्येच विचारतं, अमुक संख्या धन आहे की ऋण? उत्तर द्यायला समोर कुणी नसतं.

सेज या गणिताच्या प्रणालीने मॅक्सिमा ईसीएलमधून (सी प्रोग्राममध्ये बसवता येणारं लिस्प) लायब्ररी म्हणून आत घेतलं, तेव्हा त्यांनी 'रिट्रीव्ह' बदलून घेतलं. आता ते प्रश्न विचारत बसत नाही, प्रश्नाचा मजकूर एरर म्हणून वर पाठवतं आणि कोणतं गृहीतक धरायचं ते तुम्ही आधी सांगायचं.

म्हणून अर्धविराम, तुमचं 'मुख्य' उघडून नुसत्या सेटक्यू (किंमत भरणाऱ्या ओळी) शोधू नका. त्यात कॅच आहे का, हँडलर आहेत का, इनपुट कुठून येतं, शेवटी काय बंद होतं, हे सगळं लिहून काढा.

रातकिडा

अनबाउंड व्हेरिएबल एका अर्थी सोपं, ते ओरडतं तरी. मला जास्त भीती वाटते ती न ओरडणाऱ्यांची. भाषेची स्वतःची व्हेरिएबल्स कधीच अनबाउंड नसतात, पण 'मुख्य' त्यांना हळूच बदलत असेल तर लायब्ररीत ती मूळ किमतीवर राहतात.

एक प्रत्यक्ष घडलेलं सांगतो. आमच्या प्रोग्रामच्या सुरुवातीला *रीड-डिफॉल्ट-फ्लोट-फॉरमॅट* हे डबल-फ्लोट केलेलं होतं. लायब्ररी म्हणून वापरताना ती ओळ चाललीच नाही, म्हणजे सिंगल-फ्लोट राहिलं. फाइलमधलं 0.1 वाचलं गेलं सिंगलमध्ये, पुढे कुठेतरी डबलमध्ये बदललं, आणि हाती आलं 0.10000000149011612. एरर नाही, वॉर्निंग नाही. बेरजा शेवटच्या काही अंकांत जुळेनात, आणि आम्ही तीन दिवस बेरजेच्या फंक्शनमध्ये दोष शोधत बसलो.

दुसरं, *पॅकेज*. इंजिन रीड-फ्रॉम-स्ट्रिंग वापरत असेल तर वाचलेलं सिंबॉल त्या क्षणी जे पॅकेज चालू असेल त्यात जन्म घेतं. टर्मिनलवर ते इंजिनचं पॅकेज होतं, सर्व्हरमध्ये बहुधा कॉमन-लिस्प-यूजर असेल. नुसती नावं छापून पाहिली तर दोन्ही सिंबॉल सारखीच दिसतात, पण ईक्यूला (दोन गोष्टी एकच आहेत का ते पाहणाऱ्या फंक्शनला) ती वेगळी.

आणि रीडर वापरत असाल तर *रीड-इव्हॅल* निल करायला विसरू नका. त्याची मूळ किंमत टी असते. टर्मिनलवर फाइल तुमचीच होती म्हणून चाललं. सर्व्हरवर परकी फाइल वाचताना कुणी त्यात हॅश-टिंब (#.) लिहिलं तर पुढचा कोड वाचतानाच चालेल.

गोगलगाय

मी असं करते. 'मुख्य' दोन भागांत फोडायचं. कमांड लाइन वाचणं आणि प्रोसेस बंद करणं वरच्या भागात. बाकी सगळं एका फंक्शनमध्ये, आणि टर्मिनल असो वा सर्व्हर, दोघांनीही आत जायचं ते याच दारातून:

(डेफन इंजिनसह (तक्ता काम)
  (लेट ((*नियम-तक्ता* तक्ता)
        (*लॉग* (मेक-ब्रॉडकास्ट-स्ट्रीम))
        (*पॅकेज* (फाइंड-पॅकेज :इंजिन))
        (*रीड-इव्हॅल* निल)
        (*रीड-डिफॉल्ट-फ्लोट-फॉरमॅट* 'डबल-फ्लोट))
    (फनकॉल काम)))

रिकामा ब्रॉडकास्ट स्ट्रीम म्हणजे त्यात लिहिलेलं कुठेच जात नाही. लॉग हवा असेल तर तिथे खरा स्ट्रीम द्या.

सेटक्यूऐवजी लेट का? कारण यजमानाच्या घरातलं सामान आपण हलवायचं नाही. सर्व्हरचं *पॅकेज* तुम्ही सेट करून ठेवलंत तर इंजिनचं काम संपल्यावरही ते तसंच राहील आणि मोडेल भलतंच. लेट बाहेर पडताना सगळं जागच्या जागी ठेवतं, मध्येच एरर येऊन बाहेर पडलं तरीही.

तक्ता मुद्दाम बाहेरून घेतला आहे. फाइल वाचून तक्ता बनवणं एकदाच करा, बांधणं प्रत्येक कॉलला. दोन्ही एकत्र केलंत तर दर विनंतीला नियमांची फाइल पुन्हा वाचली जाईल.

पाणकोंबडी

एवढं करण्यापेक्षा स्पेशल व्हेरिएबल्सच काढून टाका ना. एक 'संदर्भ' नावाचं स्ट्रक्चर करा, त्यात अकरा खाने, आणि ते प्रत्येक फंक्शनला पहिलं आर्ग्युमेंट म्हणून द्या. प्रत्येक खान्याचा डिफॉल्ट म्हणून एरर द्या, म्हणजे स्ट्रक्चर बनवताना एखादा खाना राहिला तर तिथेच कळेल. लपवाछपवी नाही.

गोगलगाय

नवीन लिहायचं असतं तर मीही तेच केलं असतं. पण जुन्या कोडमध्ये शेकड्याने फंक्शन्स असतात आणि मधली निम्मी फक्त पुढे पोचवायला ते आर्ग्युमेंट घेतील. एवढी फंक्शन्स हाताने बदलताना नव्या चुका शिरतील, त्या कोण शोधणार? बाहेरच्या दारावर संदर्भाचं स्ट्रक्चर घ्या, आत स्पेशल व्हेरिएबल्स राहू द्या, मधे 'इंजिनसह'. बाहेरच्याला स्वच्छ दिसतं आणि आतलं मोडत नाही.

पाणकोंबडी

हे मान्य. दारावर स्ट्रक्चर असलं की माझं समाधान आहे.

अर्धविराम

सगळ्यांचे मनापासून आभार. निल काढले, 'मुख्य' फोडलं, 'इंजिनसह' लिहिलं. आरईपीएलवर (ओळ टाइप केली की लगेच चालवणाऱ्या लिस्पच्या खिडकीत) उत्तम चाललं, चुका भरलेल्या फाइलीतल्या सगळ्या चुका सापडल्या. मग सर्व्हर सुरू करण्याची ओळच 'इंजिनसह'च्या आत टाकली, म्हणजे एकदाच बांधलं जाईल असा विचार. आणि पहिल्या विनंतीला पुन्हा तेच! *नियम-तक्ता* अनबाउंड. सर्व्हर सुरू होण्याआधीच्या ओळीत मी ते छापून पाहिलंय, किंमत होती. मग गेली कुठे?

सुतारपक्षी

थ्रेडमध्ये गेली, किंवा खरं म्हणजे थ्रेडमध्ये पोचलीच नाही.

सर्व्हर प्रत्येक विनंतीसाठी वेगळा थ्रेड (त्याच प्रोसेसमध्ये समांतर चालणारं काम) काढतो. लेटने स्पेशल व्हेरिएबलला दिलेली किंमत ही त्या थ्रेडपुरती असते. एसबीसीएलमध्ये नवा थ्रेड निघतो तेव्हा त्याला फक्त ग्लोबल किमती दिसतात, जन्म देणाऱ्या थ्रेडची बाइंडिंग्ज वारशाने मिळत नाहीत. तुमच्या व्हेरिएबलची ग्लोबल किंमत कधी भरलीच गेली नाही, म्हणून नव्या थ्रेडला ते अनबाउंडच दिसणार.

लॅम्डा (निनावी फंक्शन) आजूबाजूचं सगळं सोबत घेऊन जाते, असं आपण धरून चालतो. ती नेते ती लेक्सिकल नावं, म्हणजे कोडमध्ये तिच्याभोवती बांधलेली साधी नावं. स्पेशल नावाची किंमत ती चालते त्या वेळी, चालते त्या थ्रेडमध्ये शोधली जाते. त्यामुळे आधी लेक्सिकल नावात उचलायचं आणि पलीकडे जाऊन पुन्हा बांधायचं:

(लेट ((तक्ता *नियम-तक्ता*))
  (मेक-थ्रेड
    (लॅम्डा ()
      (इंजिनसह तक्ता #'विनंती-हाताळ))))

तुमच्या बाबतीत थ्रेड सर्व्हर काढतो, तुम्ही नाही. मग 'इंजिनसह' विनंती हाताळणाऱ्या फंक्शनच्या आत न्या. गोगलगाय यांनी 'बांधणं प्रत्येक कॉलला' म्हटलं होतं ते याचसाठी. बोर्डो-थ्रेड्स या थ्रेडच्या लायब्ररीत *डिफॉल्ट-स्पेशल-बाइंडिंग्ज* ही यादी आहे, तिच्यात नावं आणि किमती भरल्या की त्या लायब्ररीतून निघणाऱ्या थ्रेडना किमती मिळतात. पण मी दारावरच बांधतो, कारण पुढे सर्व्हर बदलला तरी ते टिकतं.

आणि 'बारावं आलं तर कसं कळणार' याचं उत्तर राहिलं होतं. दारावर एक हँडलर ठेवा:

(हँडलर-बाइंड
    ((अनबाउंड-व्हेरिएबल
      (लॅम्डा (क)
        (एरर 'इंजिन-तयार-नाही
               :नाव (सेल-एरर-नेम क)))))
  (फनकॉल काम))

अनबाउंड-व्हेरिएबल ही कंडिशन नाव सोबत आणते आणि सेल-एरर-नेमने ते काढता येतं. मग लॉगमध्ये 'इंजिन तयार नाही, अमुक व्हेरिएबल राहिलं' असं नीट वाक्य येईल. याच जागी यूज-व्हॅल्यू हा रीस्टार्ट बोलवून आपोआप निल द्यायचा मोह होतो. तो आवरा, नाहीतर फिरून तुम्ही पहिल्या दिवसावर याल.

टिटवी_

ईमॅक्स लिस्पमध्ये याचा चुलतभाऊ आहे, म्हणून लिहिते. मी दुसऱ्याच्या पॅकेजमधलं एक व्हेरिएबल लेटने तात्पुरतं बदलून त्याचं फंक्शन बोलवत होते. फाइलमध्ये लेक्सिकल बाइंडिंग चालू, आणि ते पॅकेज गरज पडेल तेव्हा लोड होणारं. कंपाइल करताना ते व्हेरिएबल स्पेशल आहे हे कंपाइलरला माहीतच नव्हतं. त्याने माझं लेट साधं लेक्सिकल धरलं, आणि पॅकेजला माझी किंमत कधी दिसलीच नाही. कंपाइलर 'न वापरलेलं लेक्सिकल व्हेरिएबल' असं सांगत होता, मी दुर्लक्ष केलं.

उपाय एका ओळीचा: फाइलच्या वर किंमत न देता (डेफव्हार त्याचं-नाव). ईमॅक्समध्ये याचा अर्थ फक्त 'या फाइलीत हे नाव स्पेशल समजा' एवढाच. किंमत कुणी भरत नाही, ते काम मूळ पॅकेजचंच राहतं.

दीपस्तंभ

टिटवी, हा मुद्दा फार मोलाचा. कॉमन लिस्पमध्येही डेफव्हार वाचलं जाण्याआधी लेट कंपाइल झालं तर हेच होतं. म्हणून सगळे डेफव्हार एका फाइलीत आणि ती फाइल सिस्टिममध्ये पहिली.

रातकिडा

इमेजबद्दल कुणी बोललं नाही. उद्या हेच इंजिन सी भाषेतून बोलवायची वेळ आली तर एसबीसीएलच्या सेव्ह-लिस्प-अँड-डायला :कॉलेबल-एक्स्पोर्ट्स ही यादी देतात. ती दिली की :टॉपलेव्हल देताच येत नाही. म्हणजे 'मुख्य' चालायची वाट एसबीसीएलच्या पातळीवरच बंद. ईसीएलमध्ये सीएल-बूट आधी आणि मग मॉड्यूलचं इनिट फंक्शन, हे दोन्ही तुमच्या सी कोडने बोलवायचं. दुसरं राहिलं तर लायब्ररीतलं एकही डेफव्हार चाललेलं नसतं.

इमेजचा उलटा त्रासही आहे. लोड करतानाच भरलेल्या किमती इमेजमध्ये गोठतात. (डेफव्हार *घर* (यूजर-होमडिर-पाथनेम)) लिहिलंत तर इमेज जिथे बनली त्या मशीनवरचं फोल्डर कायमचं चिकटतं. तुमच्या अकरात असं काही आहे का, पाहा.

अर्धविराम

अकरात नव्हतं. पण तुम्ही लिहिल्यावर अनबाउंड नसलेली व्हेरिएबल्सही तपासली.

आधी एक चाचणी लिहिली. अगदी नवी एसबीसीएल प्रोसेस उघडायची, सिस्टिम लोड करायची, 'मुख्य' न बोलवता बाहेर दिलेलं प्रत्येक फंक्शन नव्या थ्रेडमधून एकेकदा बोलवायचं. माझ्या रोजच्या आरईपीएलमध्ये हे कधीच सापडलं नसतं, कारण तिथे कधीतरी हाताने सेटक्यू केलेलं असतं आणि ते दिवसभर टिकतं. बारावं व्हेरिएबल या चाचणीत लगेच सापडलं. दोन तारखांमधले दिवस मोजणाऱ्या फंक्शनमध्ये होतं, आणि सर्व्हरने ते फंक्शन अजून एकदाही बोलावलं नव्हतं.

आणि मग रातकिडा म्हणाले ते दिसलं. (डेफव्हार *आज* (आजची-तारीख)). टर्मिनलवर इमेज सुरू झाली की 'मुख्य' पहिल्याच ओळीत ते पुन्हा भरायचं, म्हणून कधी कळलं नाही. सर्व्हरमध्ये ते लोड होताना एकदा भरलं गेलं आणि तिथेच थांबलं. सर्व्हर सहा दिवस चालू होता, इंजिनच्या लेखी तारीख बदललीच नव्हती. मुदतीचे सगळे नियम सहा दिवस जुन्या तारखेवर तपासले जात होते. त्या सहा दिवसांतल्या फाइली आज पुन्हा तपासायला लावल्या आहेत.

*आज* 'इंजिनसह'च्या लेटमध्ये घालू की व्हेरिएबलच काढून फंक्शन करू?

गोगलगाय

लेटमध्ये घाला. फंक्शन केलंत तर मध्यरात्री एकाच फाइलीचे पहिले नियम एका तारखेवर आणि पुढचे दुसऱ्या तारखेवर तपासले जातील. लेटमध्ये विनंती सुरू होताना एकदा ठरेल आणि ती संपेपर्यंत तीच राहील. वरचा डेफव्हार मात्र किंमत काढून रिकामा ठेवा.

अर्धविराम

केलं. चाचणीतही *आज* बाहेरून देतेय आता, म्हणजे महिनाअखेरीचे नियम कोणत्याही दिवशी तपासता येतील.